सात नंबरचं घर

"तुम्हीही तेच वाचायला आलात का?"

मी दचकले. हातातलं पत्रक निसटता निसटता राहिलं. दारात एक उंच तरुण उभा होता. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, केसांत लाकडाचा भुसा.

नदीकाठचं ते जुनं गाव आपलं आपणच फिरून बघायचं असतं. सोबत गाईड नाही. वेशीजवळच्या पेटीतून पत्रक घ्यायचं, भिंतींवर रंगवलेले आकडे शोधायचे, वाचायचं आणि पुढे जायचं. एक नंबरला वेस, पाचला दगडी हौद, सातला नावाड्याचं घर.

"वाचा ना," तो म्हणाला.

मी हळूच वाचलं. "'शेवटच्या नावाड्याच्या मृत्यूनंतर हे घर बंद आहे.'"

"बाबा, ऐकलंत? आज आणखी एकदा गेलात तुम्ही."

ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्याने मान वर केली. "आधी पोरीला पाणी दे. एवढ्या उन्हात मेलेल्या माणसाकडे तरी कोण येतं!"

मी पाण्याचं भांडं तसंच ओट्यावर ठेवलं. कारण ते वाक्य माझं होतं. शहरातल्या पर्यटन कचेरीत मी अशी पत्रकं लिहिते. साहेबांना या गावफेरीच्या उद्घाटनाची घाई होती, जुन्या नोंदीत 'घर बंद' एवढंच होतं. मृत्यू मी माझ्या मनाने जोडला... वाक्याला जरा वजन यावं म्हणून.

"हे मी लिहिलंय," मी म्हणाले.

"गावात न येताच?"

"न येताच. आज पहिल्यांदाच आले."

म्हातारा खोकला येईपर्यंत हसला. मुलगा हसला नाही. मला वेशीपर्यंत सोडायला आला तेव्हा म्हणाला, "पूल झाला, नाव बंद पडली, तेव्हापासून बाबा गप्पगप्पच असतात. आता दर रविवारी माणसं येतात, खिडकीतून डोकावतात, 'अरेरे' म्हणून निघून जातात. परवा बाबा मला विचारत होते — मी आहे ना रे अजून?"

त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही.

नवी छपाई पुढच्या वर्षी, असं साहेबांनी सांगून टाकलं. मग पुढच्या रविवारी मी काळं पेन घेऊन वेशीच्या पायरीवर बसले आणि पेटीतल्या एकेका पत्रकावर ते वाक्य खोडू लागले. तिसऱ्या रविवारी कागदावर सावली पडली. कानामागे सुताराची जाड पेन्सिल खोचून तो उभा होता.

"मीही खोडू लागतो. पेन्सिल चालेल?"

"पुसली जाईल."

"मग तुमचं दुसरं पेन द्या."

"दुसरं नाहीये."

"म्हणजे मला नुसतंच बसावं लागणार..."

"बसा की."

"बसतो," तो म्हणाला, आणि खरंच नुसता बसला. अंधारून येईपर्यंत.

पुढच्या रविवारी त्याने मला गाव दाखवलं, पत्रकात नसलेलं. हौदाच्या काठावर दोर घासून घासून खोल खाचा पडल्या होत्या. त्याने माझी बोटं एका खाचेत ठेवली. वर क्षणभर त्याचा हात राहिला, आणि मग पटकन निघाला.

"सुताराचा हात. खरखरीत असतो."

"मी काही म्हणाले का?"

"नाही... म्हणून तर सांगितलं."

पत्रकं संपली तरी माझे रविवार संपले नाहीत. म्हातारा बोलायला लागला होता. पुराच्या पाण्यातून डॉक्टरला पलीकडे कसं नेलं, कुठली बाई नावेतच बाळंत झाली... मी वहीत उतरवून घ्यायची. मुलगा खिडकीच्या चौकटीवर रंधा मारताना ऐकायचा, आणि मध्येच रंधा थांबवून माझ्याकडे बघायचा. मी वर पाहिलं की रंधा पुन्हा सुरू.

"दर रविवारी कचेरीचं काम?" घरी वहिनी विचारायची. "आणि त्यासाठी आरशासमोर अर्धा तास?"

पहिली थंडी पडली त्या आठवड्यात, गुरुवारी पहाटे फोन वाजला. "बाबा गेले," एवढंच तो म्हणाला.

मी गेले. अख्खं गाव लोटलं होतं. मी सगळ्यांच्या मागे उभी राहिले. त्याने एकदाच वळून पाहिलं, आणि मी मान खाली घातली. शेकडो वेळा खोडलेलं ते वाक्य आता खरं झालं होतं. जणू मीच ते आधी लिहून ठेवलं होतं...

त्यानंतरचे चार रविवार मी घराबाहेर पडले नाही.

पाचव्या आठवड्यात, सोमवारी सकाळी, कचेरीच्या चौकशी-खिडकीवर माझी पाळी होती, पुढे रांग होती. "काय हवंय?" मी मान वर न करता विचारलं.

"काल कोणी आलं नाही."

माझं बोट शिक्क्यावर तसंच राहिलं. "काम... संपलं होतं," मी म्हणाले.

"एवढंच?"

"तुमच्या दारात यायला तोंड नव्हतं मला. ते वाक्य —"

"बाबा शेवटच्या दिवसांत काय म्हणाले, सांगू? म्हणाले, 'या पोरीने मला मारलं खरं, पण इतकं मन लावून मला कोणी ऐकलं नव्हतं.' फक्त तुमच्यासाठी ते बोलले, पाच महिने. मीही त्यातल्या निम्म्या गोष्टी पहिल्यांदाच ऐकल्या."

मला समोरचं दिसेनासं झालं. त्याने खिशातून घडी घातलेला रुमाल काढून खिडकीतून आत सरकवला. रांगेतल्या बाईंनी खाकरून पाहिलं. तो हलला नाही.

"मला बाबांसारखं रंगवून सांगता येत नाही. एका दमात बोलतो." त्याने खरंच दम घेतला. "घर लहान आहे. सध्या फार शांत आहे. रविवारी तुमच्या पावलांची चाहूल घ्यायची सवय लागली होती. आता ती सोमवारी, मंगळवारी... सुटतच नाही."

"मग?"

"मग... तू येशील? कायमची?"

पहिल्यांदाच 'तू' म्हणाला तो. आणि म्हणताना कानांपर्यंत लाल झाला.

"येईन," मी म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला की तो खिडकीच्या जाळीला कान लावून उभा राहिला.

"काय?"

"येईन!"

सगळी रांग वळून बघायला लागली.