भयांक साठच्या वर

सकाळी सव्वादहा वाजता मंगल कार्यालयाच्या दारातल्या टेबलावर चहाचे कप आणि निर्भयपट्ट्या शेजारी शेजारी मांडून ठेवल्या होत्या. येणारा माणूस एका हाताने कप उचलायचा आणि दुसरा हात पुढे करायचा. टेबलामागची बाई त्याच्या मनगटावर बोटभर रुंदीची करडी पट्टी बांधायची. कुणी तिच्याकडे निरखून बघतही नव्हतं. चार वर्षांत लोकांना तिची सवय झाली होती.

हॉलमध्ये व्यासपीठावर, अध्यक्षांच्या खुर्चीत, मनगटावर तशीच पट्टी बांधून, ॲडव्होकेट सुलक्षणा केसकर बसल्या होत्या. झुंबरे कास्टिंग्ज ही कोल्हापूरजवळची ओतकामाची कंपनी बुडीत निघाली होती आणि तिने देणेकऱ्यांपुढे तडजोडीची योजना ठेवली होती. अशी योजना कंपनी न्यायाधिकरणाने मंजूर करायची, तर आधी त्याच्याच परवानगीने धनकोंची सभा घ्यावी लागते. म्हणजे ज्यांचं येणं आहे त्यांची. रकमेच्या हिशेबाने तीन चतुर्थांश मतं पडली तरच योजना पुढे जाते. सभेवर अध्यक्षही न्यायाधिकरणच नेमतं. या वेळी सुलक्षणाताईंना नेमलं होतं.

निर्भयपट्टी आली त्याला कारण होतं. एका कंपनीने आपल्या धनकोंना दोन दिवस हॉटेलात कोंडून हात वर करायला लावले होते. त्यानंतर नियम झाला की भीतीपोटी दिलेलं मत धरायचं नाही. पट्टी नाडी, घाम, बोटांतला सूक्ष्म कंप आणि घामात उतरणारी ताणाची रसायनं मोजायची आणि त्यातून एक आकडा काढायची, भयांक. मतदानयंत्राचं बटण दाबताना भयांक साठच्या वर असेल तर मत आपोआप बाद व्हायचं. सुलक्षणाताईंनी तेव्हा या नियमाच्या बाजूने लेख लिहिला होता.

योजना वाईट होती. रुपयाला वीस पैसे, तेही सात वर्षांत. पण खरी मेख चौदाव्या कलमात होती. कंपनीतला पैसा संचालक विश्वजित झुंबरे यांच्या सासुरवाडीच्या नावावरच्या दोन कारखान्यांत कसा गेला, याची चौकशी योजनेबरोबर कायमची मिटणार होती. त्रेसष्ट धनकोंपैकी तेरा जणांनी विरोध करायचं ठरवलं होतं. त्यांचं येणं एकूण रकमेच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं होतं. ते तेरा उभे राहिले की योजना पडणार, हे सगळ्यांना माहीत होतं.

पावणेअकराला सुलक्षणाताई हवा खायला म्हणून दारापर्यंत आल्या. बाबालाल मुल्ला आपल्या छोट्या टेम्पोतून उतरत होते. साठीचे, पांढरी टोपी घातलेले हे गृहस्थ कंपनीला साच्यांची वाळू पुरवायचे, आणि तेरा जणांना एकत्र आणलं होतं तेही त्यांनीच. ताईंना बघून त्यांनी हात वर केला.

मागून एक जीप येऊन थांबली. तिच्यातून दोघे उतरले, अगदी सावकाश. एकाच्या हातात लोखंडी पाईप होता. पहिला फटका बाबालाल यांच्या गुडघ्यावर बसला आणि ते टेम्पोच्या दाराला लटकले. दुसरा त्याच गुडघ्यावर. हाड मोडल्याचा आवाज ताईंना वीस पावलांवर ऐकू आला. मग दुसऱ्या माणसाने त्यांची मान धरली आणि डोकं टेम्पोच्या हौद्याच्या कडेवर आपटलं. एकदा, दोनदा, तीनदा. टोपी चाकाखाली गेली. ताई ओरडल्या, चहावाला किटली टाकून धावला, तोवर ते दोघे जीपमध्ये बसलेही होते. जाताना त्यांनी शिवी दिली नाही की धमकी दिली नाही.

रुग्णवाहिका बाबालालना घेऊन गेली. पोलिसांना फोन झाला. ताई हात धुवायला आत गेल्या, तर बेसिनजवळ उज्ज्वला मगदूम उभी होती. शेजारी तिचा भाऊ अभिनंदन. उज्ज्वला ओतकामासाठी लाकडी पॅटर्न बनवायची. म्हणजे ज्यावरून वाळूत साचा उठतो तो नमुना. तिच्या हातासारखा हात शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत दुसरा नाही, असं लोक म्हणायचे. तो उजवा हात तिने साडीच्या पदरात गुंडाळला होता आणि पदर लाल झाला होता.

"काय झालं?" ताईंनी विचारलं.

"वर्कशॉपमध्ये शिरले, मॅडम. चौघं. याला खाली पाडून वर बसले." ती भिंतीला टेकली. अस्सल कोल्हापुरी बायकांसारखी ती स्वतःबद्दल ‘आलो-गेलो’ बोलायची. "माझ्याच लाकूड आवळायच्या वाइसमध्ये माझी बोटं घातली न्‌ दांडा फिरवला. मी ओरडत होतो, ते फिरवत होते."

"काय म्हणाले? काय मत द्या म्हणाले?"

"तेच तर." उज्ज्वलाने पदर आणखी घट्ट गुंडाळला. "काय मागितलंच न्हाई. मत काय देणार, एवढंबी विचारलं न्हाई. नुसतं केलं न्‌ गेले."

"दवाखान्यात चल म्हणतोय, ऐकत नाही," अभिनंदन म्हणाला. त्याची एक भुवई फाटली होती.

"मत देतो, मग जातो," ती म्हणाली.

सुलक्षणाताई नळ बंद करायचं विसरल्या. त्यांच्या मनात काहीतरी जुळायला लागलं होतं आणि ते जुळू नये असं त्यांना वाटत होतं.

पोलीस अजून पोचले नव्हते आणि सभा पुढे ढकलायचा अधिकार अध्यक्षांना नव्हता. साडेअकराला मतदान सुरू झालं. योजनेच्या बाजूचे लोक एकेक करून यंत्रापुढे आले. पडद्यावर हिरवे आकडे उमटले. चाळीस, छत्तीस, एकोणपन्नास. मग उज्ज्वला उठली. तिने डाव्या हाताने ‘विरोध’चं बटण दाबलं. पडद्यावर लाल आकडा आला: एक्क्याण्णव. खाली अक्षरं उमटली, ‘मत अग्राह्य’.

तिने श्वास घेतला, डोळे मिटले, पुन्हा दाबलं. एक्क्याण्णव.

"मी न्हाईच म्हणतोय की!" ती यंत्राकडे बघून ओरडली. "दाबलं की मी! कुणी सांगितलं म्हणून न्हाई दाबलं!"

तिच्यामागून बाकीचे आले. एकाची मान दवाखान्याच्या पट्ट्यात होती. एका ट्रान्सपोर्टवाल्याच्या दोन्ही गाड्या पहाटे जाळल्या होत्या. एकाला मारलं नव्हतं, फक्त त्याच्या मुलीच्या कॉलेजबाहेर अर्धा तास तीच जीप उभी केली होती आणि त्याला फोटो पाठवला होता. विरोध, विरोध, विरोध. शहात्तर, त्र्याऐंशी, अडुसष्ट. सगळे लाल.

आता सुलक्षणाताईंना नीट कळलं. पूर्वी माणसाला मारायचे ते त्याचं मत फिरवण्यासाठी. आता फिरवायची गरजच उरली नव्हती. माणूस घाबरला की त्याचं मत यंत्रच पुसून टाकत होतं, आणि मोजायला फक्त निवांत माणसं शिल्लक राहत होती.

कंपनीचे वकील नचिकेत बावडेकर उठले. "अध्यक्षबाई, ग्राह्य मतांपैकी सर्वच्या सर्व योजनेच्या बाजूने आहेत. निकाल जाहीर करा."

"जाहीर करणार नाही," ताई म्हणाल्या. "इथे काय झालं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. तसा अहवाल न्यायाधिकरणाला देणार आहे."

"अहवालावर सही करताना आपल्यालाही पट्टी लागते," बावडेकर सौम्यपणे म्हणाले. मग ते खाली बसले आणि त्यांनी फोन हातात घेतला.

ताई शेजारच्या खोलीत अहवाल लिहायला गेल्या. दहा मिनिटांनी दार उघडलं. पाईपवाला तोच होता. ताई उठायच्या आत त्याने लोखंडी खुर्ची उचलून त्यांच्या खांद्यावर घातली. गळ्याजवळचं हाड तुटलं. त्या टेबलाखाली गेल्या तर त्याने केसांना धरून बाहेर ओढलं आणि तोंडावर बूट ठेवला. जोर दिला नाही, नुसता ठेवला. ताईंच्या तोंडात रक्ताची आणि धुळीची चव आली. आपण लहान मुलासारखं ‘नको, नको’ म्हणतोय हे त्यांना ऐकू येत होतं. त्याने वाकून त्यांच्या मनगटावरच्या पट्टीचा आकडा वाचला, मान हलवली आणि निघून गेला.

पोलीस आले तेव्हा जीप जिल्ह्याबाहेर पोचली होती. ताईंनी जमिनीवर बसूनच अहवाल पुरा केला आणि सहीसाठी यंत्रावर अंगठा टेकवला. भयांक सत्त्याऐंशी. अहवाल परत आला. सभेचा निकाल मात्र यंत्राने आपणहून न्यायाधिकरणाकडे पाठवला होता: ‘योजना एकमताने संमत’.

बाबालाल मुल्ला चौथ्या दिवशी गेले. ते शुद्धीवर आलेच नाहीत.

योजनेला मंजुरी मागणारा कंपनीचा अर्ज बाराव्या दिवशी कोल्हापूर खंडपीठापुढे आला. न्यायासनावर वसुधा आर्वीकर होत्या. झुंबरे पहिल्या रांगेत पायावर पाय टाकून बसले होते.

"सभा आपल्या आदेशानुसार झाली," बावडेकर म्हणाले. "प्रत्येक मत नियमाप्रमाणे तपासलं गेलं. रस्त्यावरच्या मारामारीशी माझ्या अशिलांचा संबंध सिद्ध झालेला नाही. आणि अध्यक्षांचा अहवाल नियमानेच अग्राह्य आहे."

"मग मी तो तोंडी ऐकते," न्यायाधीश म्हणाल्या.

सुलक्षणाताई उभ्या राहिल्या. डावा हात झोळीत होता. उजव्या मनगटावर लिपिकाने पट्टी बांधली. त्यांनी पाईपवाल्याचं वर्णन केलं. पडद्यावरचा आकडा चौऱ्याहत्तरवरून ब्याऐंशीवर गेला.

"आपण पाहताय," बावडेकर म्हणाले, "साक्षीदार भीतीखाली आहेत."

"आहे," ताई म्हणाल्या. "त्या दिवसापासून मी एकटी झोपू शकत नाही. दार वाजलं तर उघडत नाही. पण घाबरलेला माणूस खोटंच बोलतो, असं कुठे लिहिलंय? उज्ज्वला मगदूम घाबरली नव्हती असं वाटतं का तुम्हाला? ज्यांना मारलं ते सगळे घाबरले होते. तरी आले. यंत्राने त्यांच्यातली भीती मोजली. ते आले, हे कशाने मोजणार?"

न्यायाधीश पहिल्या रांगेकडे वळल्या. मग त्यांनी झुंबरेंना विचारलं, "बाबालाल मुल्लांना तुम्ही किती वर्षं ओळखत होता?"

"बावीस," झुंबरे म्हणाले.

"पट्टी बांधा यांना."

बावडेकर हरकत घ्यायला उठले, पण लिपिकाने तोवर बांधली होती. पडद्यावर हिरवा आकडा आला. एकतीस. न्यायाधीशांनी तो लिहून घेतला: बावीस वर्षांच्या ओळखीचा माणूस मारला गेला होता, आणि आकडा एकतीस.

दुपारी निकाल झाला. मंजुरी नाकारली. सभा रद्द. गुन्ह्याचा तपास वेगळा चालेल. धनकोंची सभा सव्वीस दिवसांत पुन्हा घ्यायची, पट्टी न लावता, पोलीस बंदोबस्तात, हात वर करून.

"ॲडव्होकेट केसकर," न्यायाधीश शेवटी म्हणाल्या, "अध्यक्ष म्हणून मी तुम्हालाच नेमू इच्छिते. सक्ती नाही. नाही म्हणालात तर कुणी नाव ठेवणार नाही. पाच मिनिटं विचार करा."

ताई बाहेर व्हरांड्यात आल्या. बाकावर उज्ज्वला बसली होती, बँडेजमधला हात मांडीवर ठेवून. दोन बोटं कापावी लागली होती. तिच्या पलीकडे बाबालाल यांची पत्नी जुबेदा बसली होती. नवऱ्याचं मत आता तिच्याकडे आलं होतं.

"जिंकलो म्हणायचं काय, मॅडम?" उज्ज्वलाने विचारलं.

"पुन्हा सभा होणार आहे. पट्टी नाही."

उज्ज्वलाने जिन्याकडे बघितलं. "म्हणजे या बारीला विचारून मारणार," ती म्हणाली. "हात वर कर म्हणणार, न्‌ मारणार. मोजायलाबी कोण न्हाई."

ताई बाकावर तिच्या शेजारी बसल्या. तेच खरं होतं. यंत्र काढलं की जुनी जबरदस्ती परत येणार होती आणि ठेवलं की नवी. मध्ये सव्वीस दिवस होते आणि ती जीप अजून सापडली नव्हती.

"मी येणार," जुबेदा म्हणाली. ती एवढ्या हळू बोलली की दोघींनाही वळून बघावं लागलं. "घाबरत घाबरतच येणार. पण येणार."

उज्ज्वलाने मान डोलावली. "मीबी येतो की. दुसरा हात आहे." मग तिने सुलक्षणाताईंकडे पाहिलं. लिपिक आतून दाराशी येऊन त्यांचं नाव पुकारत होता.

"तुम्ही येणार न्हवं, मॅडम?"