तीन नंबरचा प्लग

सत्तावन्न सालचा चैत्र असेल. आलापल्लीकडे एक फिरता दवाखाना होता, त्याची जीप मी चालवायचो. गाडीचे जुने प्लग काजळीनं काळे झाले होते, म्हणून मी चांद्याहून नवे चार मागवले. ते सकाळच्या बसनं आले. मोहाच्या झाडाखाली गाडी लावून मी ते बसवले, हात पुसले, चहा घेतला आणि इंजिन चालू केलं. चाललं, पण तीन ठोके नीट पडायचे आणि चौथा गळायचा. नवे आहेत, चालता चालता बसतील, असं मी मनाशी म्हटलं. तिथंच माझं चुकलं.

तासाभरात भामरागडच्या बाजूच्या एका टोल्यावरून, चार झोपड्यांच्या वस्तीवरून, निरोप आला. सोमारी नावाची माडिया बाई दोन दिवसांपासून बाळंतपणात अडली होती. आमच्या नर्स इंदुताई पेटी घेऊन शेजारी बसल्या. पोचलो तेव्हा सूर्य डोक्यावर होता. इंदुताईंनी सोमारीच्या पोटावर हात ठेवून पाहिलं आणि त्या बाहेर आल्या.

"बाळ आडवं हाये, पत्रूभाऊ. दिवस बुडाच्या आत अहेरीच्या डॉक्टरकडे नेलं तं दोघंही वाचतीन."

सोमारीचा नवरा लालसू यानं जीपच्या मागच्या भागात तणस पसरलं, वर चटई टाकली. सोमारीला निजवून आम्ही निघालो.

आठेक मैल गाडीनं कसंबसं नेलं. मग येताना कसाबसा ओलांडलेला कोरडा नाला आला. नाल्यात उतरलो, पण पलीकडच्या चढावर इंजिनाचा जीव पुरेना. अर्ध्यात बंद पडलं आणि जीप मागं घसरत नाल्याच्या रेतीत येऊन थांबली. हँडल मारून पुन्हा चालू केलं, पुन्हा चढवली. पुन्हा तेच.

"बाई, प्लगचं काम आहे. मला थोडा वेळ द्या," मी म्हणालो.

"वेळच तं नाई आपल्यापाशी," इंदुताई म्हणाल्या, आणि सोमारीच्या उशाशी जाऊन बसल्या.

मी इंजिन पुन्हा चालू केलं आणि बॉनेट उघडलं. भर दुपार होती. सागाची पानं गळून गेलेली, त्यामुळे दूरपर्यंत नुसती खोडं दिसत होती. सावली कुठंच नव्हती. तापलेल्या पेट्रोलच्या वासात कुजणाऱ्या मोहफुलांचा गोड वास मिसळला होता. पाखरू ओरडत नव्हतं. वारा नव्हता, तरी पाचोळा एकाच जागी सरसरत होता.

कोणता प्लग काम करत नाही हे ओळखायची एक सोपी रीत आहे. इंजिन चालू असताना एकेका प्लगची वायर उपसायची. चांगल्या प्लगची उपसली तर इंजिन अडखळतं. मेलेल्याची उपसली तर त्याला फरक पडत नाही. फडक्यात धरून मी पहिली उपसली. इंजिन अडखळलं. दुसरी उपसली. अडखळलं. तिसरी उपसली, आणि ठोक्यात काडीचाही बदल झाला नाही.

सापडलं, असं वाटलं. तेवढ्यात त्या गळलेल्या ठोक्याच्या जागी मला हाक ऐकू आली.

बाईचा आवाज होता. खोडांच्या मागून, लांबून. शेतातल्या माणसाला जेवायला बोलवावं तशी शांत हाक. शब्द लागत नव्हता.

"ओ..." मागून सोमारीनं उत्तर दिलं.

"अशी ओ देऊ नको, बाई," इंदुताई दबक्या आवाजात म्हणाल्या. "पडून राय."

मी लालसूकडं पाहिलं. तो बायकोकडं पाहत नव्हता, खोडांकडंही नाही. तो माझ्याकडं पाहत होता.

"काम कर, भाऊ," तो म्हणाला. "मान वर नको करू."

मी तिसरी वायर इंजिनाच्या लोखंडाजवळ धरली. निळी ठिणगी टचटच उडाली. म्हणजे वीज येत होती, दोष प्लगमध्येच होता. खात्री करायला पहिल्यातला प्लग तिसऱ्यात आणि तिसऱ्यातला पहिल्यात घालायचा, म्हणून मी इंजिन बंद केलं.

इंजिन थांबलं. हाक थांबली नाही.

आता ती नाल्याच्या काठावरून येत होती. मग रेतीतून. पायांचा आवाज नाही, फक्त हाक, दर वेळी थोडी जवळ. दर वेळी सोमारी ओ द्यायची, आणि मग हाक जरा मागं सरायची. पण तिची ओ दर खेपेला बारीक होत चालली होती.

माझ्या मानेवर कुणीतरी भिजलेलं फडकं धरल्यासारखा गारवा आला. त्या उन्हात. मी दात आवळले. पाना लावला. तापलेल्या प्लगनं दोन बोटं भाजली, तरी प्लग सोडला नाही. अदलाबदल केली, हँडल मारलं, पुन्हा एकेक वायर उपसली. आता एक नंबर मेलेला निघाला, तीन जिवंत. दोष प्लगबरोबर सरकला होता.

पुन्हा बंद. तो प्लग उन्हाकडं धरून हळूहळू फिरवला. पांढऱ्या चिनीमातीवर केसाएवढी चीर होती. सकाळी घट्ट करताना पाना निसटला होता, तेव्हाच पडली असणार. वीज त्या चिरेतून बाहेरच पळत होती.

"पत्रूभाऊ..." इंदुताई मागून म्हणाल्या. "हिची नाडी लागून नाई राह्यली..."

"दोन मिनिटं, बाई."

जुने प्लग हत्यारांच्या पेटीत होते. त्यातला एक काढला, रेतीवर घासला, फडक्यानं पुसला आणि बसवला. हाक आता इतकी जवळ होती की तिच्यामागचा श्वास ऐकू येत होता. मागून ओ आली नाही. मी हँडल मारलं. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा इंजिन उठलं आणि चारही ठोके सलग पडले.

मी मागं न पाहता बसलो आणि चढ एका दमात काढला.

दिवे लागायच्या सुमाराला अहेरीला पोचलो. डॉक्टर रात्री बाहेर आले तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम होता. मुलगी झाली होती. आई जगेल, ते म्हणाले. लालसू भिंतीला टेकून खाली बसला.

पंधरा दिवसांनी त्यांना टोल्यावर पोचवायला मीच गेलो. तोच रस्ता, तशीच दुपार. इंजिन सुरेख चालत होतं. सोमारी मागं मुलीला पदराखाली घेऊन बसली होती, लालसू माझ्या शेजारी. नाला जवळ आला तसं मला राहवलं नाही.

"सोमारी, त्या दिवशी तुले कोण बलावत होतं?"

"मले नाई, भाऊ," ती म्हणाली. "तुले. तुयं नाव घेत होते. पत्रू, पत्रू... करून."



"मग ओ तू काऊन देत होती?"

"तू काम करून राह्यला होता. कोनी ओ नाई देल्ली का थे जवळ येते." ती जरा थांबली. "तुया पाठीपाशी उभं होतं."

लालसू समोर पाहत राहिला.

नाल्यात उतरताना मी गाडी हळू केली नाही. रेती उडाली, चढ आला, संपला. चारही ठोके बरोबर पडत होते. मला काही ऐकू आलं नाही.

आणि मागून सोमारी, मुलीला थोपटता थोपटता, अगदी हळू म्हणाली,

"ओ..."