डबी गेली, नेट राहिलं

हवालदार चंद्रकांता लाखनीच्या ठाण्यातून आल्या तेव्हा बाबुलालची ट्रंक वासुदेवरावांच्या अंगणात पालथी पडली होती. स्वेटर, धोतर, चादर, सगळं मातीत. त्या कपड्यांत एक पांढरी प्लास्टिकची डबी होती आणि तिच्याकडे बोट दाखवून अर्धं गाव एकच शब्द बोलत होतं. चोर.

बाबुलाल, वासुदेवरावांचा चौकीदार, खाली बसला होता. कोणीतरी त्याच्या सदऱ्यावर तंबाखू-सुपारीचा खर्रा थुंकला होता. त्याची मुलगी प्रतिक्षा ओढणीने ते पुसत होती. चंद्रकांताबाईंना शिसारी आली. थुंकीची नाही, थुंकणाऱ्याची.

"कोण थुकलं?"

सगळ्यांना एकदम आभाळ पाहायची हौस आली.

वासुदेवराव पुढे झाले. पांढरा कुर्ता, कपाळाला गंध. गावातली माणसं भाव येईपर्यंत आपलं धान यांच्या गोदामात ठेवत. पावती नाही, लेखी नाही, नुसता शब्द. गोदामामागच्या जुन्या खोलीत त्यांनी पोरांसाठी अभ्यासिका काढली होती आणि घरचं नेट तिला फुकट दिलं होतं. असा माणूस एकदा देवमाणूस ठरला, की त्याला काही विचारायची सोयच उरत नाही.

"मॅडम, नेटची डबी चोरली यानं. रात्री गेली, सकाळी याच्या ट्रंकीत सापडली. पोरायचं नेट बंद पाडलं. घेऊन जा याले. आज डबी नेली, उद्या आमचं धान नेईल."

"ट्रंक कोणं उघडली?"

"मीच. संशय आला म्हून."

चंद्रकांताबाईंनी डबी उचलली. हवा जायला तिला बारीक जाळी होती. जाळीच्या भोकांत पिवळसर कण अडकले होते. त्यांनी नखाने एक कण काढला. तूस, धानाचं फोलपट. त्यांनी ट्रंक आतून चाचपली, कपडे झटकले. मातीच माती. तूस कुठेच नाही.

"ही डबी करते काय?"

वासुदेवरावांचा मुलगा अतुल पुढे आला. डबी त्यानेच आणली होती.

"मॅडम, समोर आमचं घर, मधात गोदाम, मांगं अभ्यासिका. दिवाळीच्या आधी गोदाम खाली होतं, तवा घरचं नेट आरपार जाये. भिंती कुडाच्या, वर कवेलू. मंग धान आलं, पोत्यायची थप्पी लागली, अना नेट बंद. दाण्यात ओल राह्यते, थप्पी नेट गिळून टाकते. म्हून ही डबी तिकडल्या खांबाले लावली. घरचं नेट पकडून बाजूनं अभ्यासिकेत फेके."

"डबी काढली तं?"

"तं मांगं काहीच भेटत नाही. पोरायलेही माहीत हाय."

"गोदामाची चाबी?"

"बाबाच्या करदोड्याले. मलेही देत नाही."

मग त्या बाबुलालजवळ उकिडव्या बसल्या.

"तुमी झोपता कुठं?"

"अभ्यासिकेच्या पडवीत, मॅडम."

"मालकाचं अना तुमचं काही वाजलं का?"

"नाही जी. मी एवढंच म्हणलं का गोदामात उंदरं काहून नाही? आधी रातभर खुडबुड चाले. मालक म्हणे, दवा टाकली. पण मेलेलाही एक नाही दिसला."

"एखाद्या रात्री पहारा सोडून गेला होता?"

"दिवाळीनंतर मंडईची जत्रा भरते, तिथल्या नाटकाले. मालकच म्हणले, जा, साऱ्या गावासंगं नाटक पाह्य, मी हावो इथं राखणीले."

चंद्रकांताबाईंना धागा सापडला. पण बोलायची घाई त्यांनी केली नाही.

"प्रतिक्षा, आज सकाळी अभ्यास केला का?"

"हो मॅडम. भरतीचा क्लास पाह्यला. मंग इकडं हा कल्ला झाला."

"मोबाईलच्या पैशानं?"

"नाही जी. वायफायवर. अटकलाही नाही."

अतुलने मान वर केली. "कसा काय? डबी तं इथं हाय!"

सगळे अभ्यासिकेकडे गेले. अतुलने आपला फोन पाहिला. नेट धो धो चालत होतं. तो फोनकडे पाहायचा, गोदामाकडे पाहायचा, आणि हळूहळू त्याचा चेहरा उतरत गेला.

"गोदाम उघडा," चंद्रकांताबाई म्हणाल्या.

"डबीच्या चोरीत गोदाम कायले?" वासुदेवराव हसले, पण करदोड्याची चावी त्यांना काढावीच लागली.

दारातून आत भिंतीसारखी थप्पी दिसली. पोत्यात खुपसून दाणे काढायची टोकदार नळी दाराशीच होती. चंद्रकांताबाईंनी ती पहिल्या पोत्यात घातली. सोन्यासारखं धान ओघळलं.

"पाह्यलं?" वासुदेवराव म्हणाले.

"पाह्यलं. आता मांगचं पाहू."

अतुलने समोरची पोती ओढली. मागच्या पोत्यात नळी अशी शिरली, जसं आत काहीच नाही. बाहेर आलं ते तूस. तिसरं पोतं, तूस. पार मागच्या भिंतीपर्यंत तूस, वर शिलाई टापटीप. एका बाईने तोंडावर पदर दाबला. तिची साऱ्या वर्षाची कमाई त्या थप्पीत होती.

"ऐका," चंद्रकांताबाई गावाकडे वळल्या. "नाटकाच्या रात्री यायनं चौकीदारालेही सुट्टी देली. सारं गाव मांडवात, अना इकडं तुमचं धान गाडीत. तुसाची पोती भरून थप्पी जशीच्या तशी लावली. समोर एक रांग खऱ्या धानाची ठेवली, कोणी डोकावलं तं दिसाले. उंदरं गेले, कारण तूस कोण खाईल? आता भाव आला, तुमी धान मांगाले येणार. मंग चोर पाह्यजे. चोर एकदम तयार होत नाही, त्याले आधी बदनाम करा लागते. म्हून डबी काढली, गोदामातल्या तुसात लपवली, अना सकाळी ट्रंकीत टाकली. जाळीत तूस राहून गेलं."

"हे अतुलनंही केलं असंल!" वासुदेवराव ओरडले.

ते ऐकून अतुल बापापासून दोन पावलं मागे सरला. चंद्रकांताबाईंना वाटलं, खर्रा थुंकणारा परवडला.

"अतुलनं नाही. त्याले माहीत होतं का धान असलं तं डबीबिगर नेट चालत नाही. धान नेऊन तो डबी काढता, तं नेट चालू राहून पकडला जाता. ज्याले वाटलं डबी म्हणजेच नेट, त्यानं ती काढली. पोरायचं नेट बंद पडलं म्हून तुमी मले सांगतलं, अना नेट तं कोरड्या तुसातून आरपार चालूच हाय. तुमी मांगं पाह्यलंही नाही. दान कराले निघाले, पण दान केलेलं पोचते का, हे पाहाले कधी गेले नाही."

वासुदेवराव चंद्रकांताबाईंच्या खांद्यावर हात ठेवून कानाशी झुकले. तोंडाला तंबाखूचा वास येत होता. "बाई, घरातल्या घरात मिटवू ना."

"दूर व्हा," त्या म्हणाल्या. "अंगाले हात लावू नोका. बसा जीपमध्ये."

जीपचं दार लागलं आणि गावाला कंठ फुटला. आम्हाले वाटतच होतं, असं म्हणणारे तर पाच मिनिटांत कितीतरी निघाले. एका म्हाताऱ्याने बाबुलालच्या खांद्यावर हात ठेवला.

"बाबुलाल, जे उरलं हाय त्याची राखण आता तूच कर. तुयाएवढा इमानदार गावात नाही."

बाबुलालने तो हात खाली काढला.

"सकाळी मी इमानदारच होतो, काका. तुमीच थुकले."

प्रतिक्षाने मातीतले कपडे एकेक झटकून ट्रंकेत भरले. मदतीला कोणी वाकलं नाही. बापलेकीने दोन बाजूंनी ट्रंक उचलली आणि दोघं फाटकाकडे चालू लागले. लोकांनी वाट करून दिली, आणि गोदामाचं दार तसंच उघडं राहिलं. राखायला आता कोणी नव्हतं.