वरच्या गॅलरीचा वन्स मोअर

ही गोष्ट खरी आहे. माझ्या सख्ख्या बहिणीची आहे, त्यामुळे ती रंगवून सांगायची मला हौस नाही. रात्रीची असती तर तुम्ही म्हणाला असतात, डुलकी लागली असेल. पण हे घडलं हिवाळ्यातल्या एका रविवारी, भर दुपारी, आमच्या ऑपेरा थिएटरमध्ये.

ताई तिथे गायची. मी बटण दाबायचो.

ऑपेरा परक्या भाषेत असतो. म्हणून रंगमंचाच्या वर एक पट्टी असते आणि तिच्यावर प्रत्येक ओळीचा अर्थ उमटतो. तो मी मागच्या खोलीतून, काचेआडून उमटवायचो. बटण दाबलं की लोक वाचायचे, मग हसायचे किंवा डोळे पुसायचे. ताई जीव तोडून गायची आणि लोक तिच्या डोक्यावर बघायचे. तिला हे फार लागायचं.

आणि लोक तरी कोण? फुकट पासवर येणारे पेन्शनर. शिक्षकांनी दामटून आणलेली शाळेची पोरं. जिन्यावर फोटो काढून मध्यंतरातच सटकणारी जोडपी. त्या हिवाळ्यात तर माणसांपेक्षा खुर्च्याच जास्त दिसायच्या. मॅनेजरने ताईला सांगून ठेवलं होतं, "बाई, हा सीझन शेवटचा धरा."

त्यात तिच्या घशात गाठ. जास्त ताण दिलात तर आवाज कायमचा जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

त्या दुपारी पहिल्या अंकात एक विनोदी ओळ आली. ताईने ती गायली. माझं बोट अजून बटणावर टेकायचं होतं...

वरून हशा आला.

पट्टी कोरी होती. ती भाषा प्रेक्षकांत कोणाला येत असेल, हे मला पटेना. आणि वरची गॅलरी तर कित्येक वर्षं बंद होती.

मला पहिला संशय आला तो मॅनेजरचा. भाड्याची माणसं आणून बसवली असणार. त्याच्या गोड बोलण्यावर माझा कधीच विश्वास नव्हता. मध्यंतरात मी दारवानकाकांना घेऊन वर गेलो. त्यांनी कुरकुरत कुलूप काढलं.

आत जुने पडदे आणि सेटच्या फळ्या छतापर्यंत रचलेल्या. बाकं कधीच काढून टाकलेली. माणूस सोडा, मांजर बसेल एवढीही जागा नव्हती.

"झालं समाधान, शंकासुरा?" काका म्हणाले.

"काका, तुम्ही इथेच दारात थांबा. कोणी आलं तर धरून ठेवा."

"इथे कोण तडमडायला येतंय? बरं, थांबतो."

शेवटच्या अंकात नायिका मरते. ताई ते मरणाचं गाणं गायला लागली आणि मी मुद्दाम बटण दाबलंच नाही. खालचे लोक कोऱ्या पट्टीकडे बघत राहिले.

वरून एक हुंदका आला...

मग आणखी एक...

मग टाळ्यांचा नुसता पाऊस. आणि त्यातून एकदम पुष्कळ आवाज आले, "वन्स मोअर."

ताईने वर पाहिलं. तिचा चेहरा इतका उजळलेला मी आयुष्यात पाहिला नव्हता. ती उठली. पुन्हा गायली. पुन्हा मेली.

"वन्स मोअर..."

तिसऱ्यांदा गाताना तिचा आवाज चिरकला. ती खोकली, छातीला हात लावला, पण थांबेना. मी धावत विंगेत गेलो आणि पडदा पाडायला लावला.

"माझी माणसं होती ती," ताई घोगऱ्या आवाजात म्हणाली. "तू कोण अडवणारा?"

दारवानकाका खाली आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता.

"कोण होतं, काका?"

"दिसलं कोणीच नाही रे. मला जरा खोकला आला..." काका थांबले. "तर माझ्या कानाशी कोणीतरी 'शूऽऽ' केलं."

ते पुन्हा त्या जिन्याकडे फिरकले नाहीत.

सीझन संपताच थिएटर बंद पडलं. ताईच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला तो गेलाच. आता ती कुजबुजते, तेही कान जवळ नेला तरच कळतं.

तरी दर रविवारी दुपारी ती तिथे जाते. मागचं दार तिला कसं उघडं मिळतं, कोण जाणे. एकदा मी तिच्या मागोमाग गेलो आणि बाहेर उभा राहिलो. आत बराच वेळ शांतता होती...

मग टाळ्या ऐकू आल्या.

घरी आल्यावर मी विचारलं, "ताई, तुला आता गाता येत नाही. मग तिथे जाऊन करतेस काय?"

तिने माझा कान जवळ ओढला.

"गाणं कुठे मागतात ते? माझं मरणं मागतात."

अलीकडे ती उशिरा परतते. मेल्यावर लगेच उठता येत नाही म्हणे, दर वेळी जरा जास्त वेळ पडून राहावं लागतं. हात गार असतात. पण चेहरा मात्र समाधानी. आम्हा कोणाकडे बघताना तो तसा नसतो, हे मला खुपतं.

आज रविवार आहे. ताई आरशासमोर केस विंचरतेय. दाराला मी आतून कुलूप लावलंय आणि किल्ली माझ्या खिशात आहे. ती मागणार हे मला माहीत आहे. नाही म्हणायचं ठरवलंय, पण तिच्याकडे बघितलं की जमेल असं वाटत नाही.