एकमत होईपर्यंत

गोट्या काही केल्या ऐकत नव्हता.

"लोखंड बुडतं म्हणजे बुडतंच," तो म्हणत होता. "लाँच तरंगते, कारण तिचा ड्रायव्हर हुशार असतो."

"अरे देवा! मग ड्रायव्हर जेवायला उतरला की लाँच बुडते का रे, शहाण्या?" कस्तुरी ओरडली.

पुण्यातल्या सहाध्ययन प्रयोगशाळेत बसून डॉ. मृण्मयी घोरपडे हे ध्वनिमुद्रण ऐकत होती आणि एकटीच हसत होती. कस्तुरी धरणाच्या पाण्यापलीकडच्या एका वाडीत राहायची. शाळेचा पट एकाचा. एक मास्तर, एक मुलगी, संपली शाळा. डोंगरातल्या बहुतेक शाळा आता अशाच उरल्या होत्या. तिथे मुलांनी चर्चा करायची तर कुणाशी, भिंतीशी? म्हणून प्रयोगशाळेने 'सोबती' बनवले होते, म्हणजे यंत्रातले वर्गमित्र. पडद्यावर आवाजांचं एक वर्तुळ उघडायचं. त्यात एक मूल आणि तीन सोबती. धड्यावर भांडायचं, एकमेकांना समजावायचं. सगळ्यांनी 'मान्य' म्हटलं की एकमत झालं आणि वर्तुळ मिटलं. पुढच्या धड्याला नवं वर्तुळ, नवे सोबती.

या वर्तुळातले बाकीचे दोघे केव्हाच मान्य म्हणून मोकळे झाले होते. गोट्या मात्र तीन आठवडे त्या लाँचवर अडून बसला होता. रोज नवं कारण काढायचा, आणि कारणं तरी कसली एकेक!

"वाटी घे," कस्तुरी दात-ओठ खात म्हणाली. "बादलीत सोड. काय झालं?"

"बुडाली."

"तू दाबली असशील!"

"नाही गं. आमची वाटी चेपलेली आहे."

मग मात्र कस्तुरीचा तोल सुटला. "तुला कुठली आलीय वाटी? यंत्र आहेस तू! मास्तर, हा बिघडलाय. याला काढा, दुसरा द्या." आणि तिने पडदाच बंद केला. तिची मागणी आता मृण्मयीच्या समोर होती. धोरणात तशी सोयच होती. उद्या सकाळी यंत्रणा गोट्याला आपोआप काढून टाकणार होती.

मृण्मयीचं हसू मावळलं. सोबत्यांभोवती 'अज्ञानभिंत' असते, हे तिला तोंडपाठ होतं. वर्तुळात जे बोललं जाईल तेवढंच त्यांना कळतं, बाकीचं जग भिंतीपलीकडे. चेपलेल्या वाटीबद्दल तर वर्तुळात कुणी चकार शब्द काढला नव्हता. मग ही वाटी आली कुठून? ती उठली आणि तडक डॉ. मिराशींच्या खोलीत गेली.

मिराशी प्रयोगशाळेचे प्रमुख. सोबती ही त्यांचीच कल्पना. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा पुसत म्हणाले, "दार लाव. आता मला सांग, चर्चेतून मूल शिकतं कसं?"

"समोरचा चुकतो तेव्हा. त्याला समजावता समजावता आपलं आपल्याला कळत जातं."

"बरोबर. म्हणजे वर्तुळात खरा चुकणारा हवा. तोच आपल्याला कधी बनवता आला नाही, मृण्मयी. यंत्राला ज्ञान देता येतं, अज्ञान देता येत नाही. ते चुकायचं नाटक करतं, दोन-चार फेऱ्यांत मान डोलावतं, आणि पोरं काय खुळी असतात का? त्यांना लगेच कळतं. खरा वाद फक्त माणूसच लांबवू शकतो."

"मग सोबती म्हणजे..."

"पोरंच आहेत. दुसऱ्या वाड्यांतली, अशाच एकेका पटाच्या शाळांतली. मध्ये आपला 'आवाजबुरखा'. त्यातून जाताना आवाज बदलतो, नाव बदलतं, गावाचं नाव किंवा फोन नंबर निघाला तर तोही वाटेतच दुसरा होतो."

"पण आपण त्यांना सांगतो की समोर यंत्र आहे!"

"सगळ्यांनाच सांगतो. म्हणून तर ती तोंड उघडतात! चारचौघांत हसं होईल म्हणून मूल गप्प बसतं, हा गटचर्चेचा जुना रोग. यंत्रापुढे कोण लाजतं? निकाल बघ की जरा."

"आणि कस्तुरीने ज्याला काढा म्हटलंय तो? तो कोण आहे, सर?"

"मलाही माहीत नाही. जोड्या यंत्रणा लावते, आणि ओळख नोंदवून ठेवायला कायद्याने बंदी आहे. एकदा तुटलं की तुटलं. त्याला सांगितलं जाईल की सोबती बदलला. अगं, त्याच्या लेखी कस्तुरी यंत्रच ना!"

मृण्मयीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मुलांना खरं सांगा, कुणाला असं काढून टाकायची सोयच ठेवू नका, असं ती तावातावाने बोलत सुटली. मिराशींनी हात वर केले. "मला नको पटवूस बाई. तुझ्या प्रतिवादीला पटव. वादात टिकलेली शिफारस मीसुद्धा अडवू शकत नाही, नियमच आहे आपला."

प्रयोगशाळेतल्या प्रत्येकाला एक प्रतिवादी मिळायचा. हेही यंत्रच, घरच्या पडद्यावरून बोलणारं. तुम्ही जे मांडाल त्याला विरोध करायचा, एवढंच त्याचं काम. दोघांनी मान्य म्हटलं की शिफारस पक्की. वर्तुळ मिटलं, नवा विषय, नवा प्रतिवादी. मृण्मयीचा प्रतिवादी मात्र नऊ वर्षं तोच होता. वर्तुळात सोबती तीन असावेत की पाच, या एका मुद्द्यावर त्याने सोबत्यांचं अख्खं धोरण अडवून धरलं होतं. एक मुद्दा लटकला तरी धोरण पुढे सरकत नसे, म्हणून तोवर आपले तात्पुरते तीन. तिने त्याचं नावच आडमुठ्या ठेवलं होतं. कंटाळा आला की त्याचं वाक्य अर्ध्यावर तोडून ती पडदा बंद करायची आणि तिला त्याचं काही वाटायचं नाही. घरी दुसरं कुणी नव्हतं. खरं सांगायचं तर दिवसभरात मिराशींखेरीज ती फक्त याच्याशीच बोलायची.

संध्याकाळी चपलाही न काढता तिने वर्तुळ उघडलं.

"आलीस? आज उशीर केलास," आडमुठ्या म्हणाला.

तिने आपलं म्हणणं मांडलं. मुलांना खरं सांगावं. कुणी कुणाला काढून टाकू नये.

"साफ चूक. खरं कळलं की पोरं लाजतील, आणि लाजली की शिकणं थांबेल."

उत्तर तिच्या अगदी जिभेवर होतं. पण ती थबकली. खरा वाद फक्त माणूसच लांबवू शकतो. आणि हा नऊ वर्षं लांबवत होता.

"ए," ती म्हणाली, "तू जेवलास का?"

"विषयाबाहेरचा प्रश्न."

"असू दे. जेवलास का?"

शेवटी तो म्हणाला, "खिचडी लावली होती. तुझ्यापुढे काय मांडायचं याचा विचार करत बसलो आणि करपली. पण तुला काय त्याचं? यंत्राला खिचडीचं कौतुक!"

मिराशी जे जे बोलले ते सगळं तिने भडाभडा सांगून टाकलं. "मी यंत्र नाहीये," ती म्हणाली. "मी मृण्मयी. पाषाणला राहते."

"मला ऐकू आलं सुनंदा, मिरज," तो हळूच म्हणाला. "म्हणजे तू सुनंदा नाहीस."

"नाही. आणि तू?"

त्याने सांगितलं. तिला 'पांडुरंग, वाशीम' असं ऐकू आलं. हा पांडुरंग नाही आणि वाशीमचाही नाही, एवढंच तिला त्यातून कळलं.

"अहो, म्हणजे इतकी वर्षं मी तुम्हाला वाटेल ते..." तो ओशाळून म्हणाला.

"तूच म्हण. आता कुठे अहो-जाहो करत बसतोस!"

तो हसला. मग चाचरत म्हणाला, "एक सांगू? रागावू नकोस. तीनच सोबती बरे, हे मला पाच वर्षांपूर्वीच पटलं होतं."

"काय? मग भांडत का बसलास रे मेल्या!"

"मान्य म्हटलं असतं तर वर्तुळ मिटलं असतं."

"पण तुला तर मी यंत्र वाटत होते ना?"

"वाटत होतीस. तरीही. दुसरं कोण होतं बोलायला?"

मृण्मयीला एकदम सगळं लख्ख दिसलं. लाँच का तरंगते हे गोट्याला पहिल्याच दिवशी कळलं होतं. पोरगं स्वतःच्या हाताने वाटी बुडवत होतं. कुणीतरी रोज आपल्यावर ओरडायला यावं, एवढ्यासाठी ते सगळ्यांदेखत मठ्ठ ठरत होतं. आणि उद्या सकाळी त्यालाच काढून टाकणार होते.

तिने हेही त्याला सांगितलं. तो म्हणाला, "मग वाद कसला आता? सांगून टाका पोरांना, काढू नका कुणाला. आणि तीन तर तीन. माझ्याकडून मान्य."

पडद्यावर त्याच्या बाजूचा दिवा हिरवा झाला. आता फक्त तिचं म्हणणं बाकी होतं. ते म्हटलं की शिफारस पक्की आणि वर्तुळ बंद. मग हा माणूस कुठे राहतो, कसा दिसतो, त्याचा खरा आवाज कसा आहे, हे जगात कुणालाच सांगता येणार नव्हतं.

"थांब ना," ती म्हणाली. "पहाटे म्हणते. सकाळपर्यंत वेळ आहे."

"पहाटे म्हणवेल तुला?"

म्हणवणार नाही, हे तिला चांगलं ठाऊक होतं. "बरं, तीनऐवजी चार केले तर? चारचा आपण नीट विचारच केला नाहीये."

"बघ, लागलीस गोट्यासारखी!"

तिला हसू आलं आणि त्याच्यापाठोपाठ रडू. ते तिने लपवलं नाही. इतकी वर्षं पलीकडे जिवंत माणूस होता, आणि एकटेपणाने आपण दोघंही झिजत होतो, याचं तिला भयंकर वाईट वाटत होतं. पण त्या पोराला बिचाऱ्याला हेही माहीत नव्हतं की पलीकडे यंत्र नाही, खरीखुरी मुलगी आहे.

"जाण्याआधी एक सांगायचंय," तो म्हणाला.

"नको. ऐकलं तर माझ्याच्याने होणार नाही."

"अगं, पण एवढंच की..."

"मान्य," ती म्हणाली.

वर्तुळ मिटलं. शिफारस सकाळपासून लागू, अशी ओळ पडद्यावर आली आणि गेली. मृण्मयी तशीच बसून राहिली. मग उठली, चपला काढून ठेवल्या, स्वयंपाकघरात गेली आणि कुणीतरी ऐकत असल्यासारखी मोठ्याने म्हणाली, "मी जेवून घेते हं."