एकोणतीसचा पाढा

स्नेहलतागंज मोहल्ल्यातल्या अशोकरावांकडे क्षितिजा गेली ती अगदी नाइलाजाने. ती त्यांच्या मुलाची, निशांतची वकील. त्याच्या अंगावर दोन खून, गुन्हा शाबीत झालेला. उद्या फाशी की जन्मठेप एवढंच ठरायचं राहिलं होतं. लहानपणी बाप त्याला जिन्याखालच्या खोलीत कोंडायचा, हे बापानेच कोर्टात येऊन सांगितलं, तर त्याचा जीव वाचायची आशा होती.

पण अशोकराव पडले निवृत्त मास्तर, ते कसले ऐकतात! पोह्यांवर सेव पसरत म्हणाले, "कोंडायचो बिंडायचो काही नाही हो. संध्याकाळी परवचा घ्यायचो. पाढा पाठ, तर जेवण. सीधी बात आहे."

"आणि चुकला तर?"

"तर पुन्हा."

क्षितिजाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जिन्याखालच्या दाराची कडी बाहेरून होती, आणि वापरून वापरून गुळगुळीत झाली होती.

दिवेलागण झाली. मास्तरांनी देवापुढे निरांजन लावलं, टीव्ही बंद केला आणि वेताच्या खुर्चीत ताठ बसले. त्या बंद दारामागून एका पोराचा आवाज आला.

"एकोणतीस एके एकोणतीस..."

शेजारचं कुणी असेल, असं क्षितिजाला वाटलं. भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नव्हे ती. आवाज सातावर अडखळला. "दोनशे... एक."

"चूक. पुन्हा," मास्तर सवयीने म्हणाले. मग तिच्याकडे बघून कसनुसे हसले. "निशूच आहे तो. पोलिसांनी पकडला ना, तेव्हापासून रोज येतो. सातावरच अडतो, गाढव."

"अहो, मग दार उघडा ना!"

"पाढा कुठे झालाय अजून?"

ती दाराशी गेली. "दोनशे तीन, बाळा."

पाढा पुढे सरकला. दोनशे नव्वद झाले. मग काहीच नाही.

मास्तरांनी कडी काढली. आत रिकामी पोती होती. दाराच्या आतल्या बाजूला, खाली, नखांचे जुने ओरखडे होते. म्हातारा तिथेच बसून हमसाहमशी रडला.

"येतो उद्या कोर्टात," म्हणाला.

आला. सगळं बोलला, आणि निकालाला न थांबता घरी गेला. निशांतला जन्मठेप झाली.

बातमी सांगायला क्षितिजा संध्याकाळी गेली. दार नुसतं लोटलेलं. निरांजन लागलेलं होतं.

जिन्याखालची कडी बाहेरून घातलेली होती. आतून मास्तरांचा घोगरा, घाबरलेला आवाज येत होता.

"एकोणतीस सत्ते दोनशे तीन..."

ती कडीकडे धावली.

मागच्या रिकाम्या खुर्चीतून पोराचा आवाज आला, "चूक. पुन्हा."