गाळलेली शांतता

मनोरुग्णालयाच्या तळमजल्यावर ती टंकलेखिका अकरा वर्षं एकच काम करत होती. डॉक्टरांनी रेकॉर्ड केलेल्या मुलाखती हेडफोन लावून ऐकायच्या आणि टाइप करायच्या. खोकलासुद्धा सोडायचा नाही, फक्त शांतता गाळायची, असा मोठ्या डॉक्टरांचा हुकूम होता.

त्या सकाळी बारकी नावाच्या रुग्णाची मुलाखत आली आणि टंकलेखिकेचं रागानं डोकंच फिरलं. पोरगी चोवीस वर्षांची, आजार स्किझोफ्रेनिया. औषधानं आठ महिने ठीक होती. अकराच्या बैठकीत तिला घरी सोडायचं की नाही ते ठरणार होतं. आई इस्त्रीचा ड्रेस मांडीवर घेऊन सातपासून बाकावर बसली होती. आणि मुलाखत घेणाऱ्या मोठ्या डॉक्टरांचा शेरा काय, तर ‘व्यक्तिमत्त्व विकार. हट्टी, नाटकी. मुक्काम वाढवावा.’ जणू तो विकार म्हणजे आजार नव्हेच, शिवी आहे! अहो, निदान पोरीचं ऐकून तरी घ्या!

पोरगी किती नीट सांगत होती. “ते आवाज मनातले वाटायचे नाहीत. शेजारच्या खोलीतून यायचे, अगदी खरे. आता येत नाहीत. आले तरी मी ओळखते.”

मग शांतता. सात सेकंद.

“बरं. तसं लिहितो,” मोठे डॉक्टर म्हणाले.

“डॉक्टर, कुणाशी बोलताय?” बारकीनं विचारलं.

टंकलेखिकेनं टेप मागे घेतली, पुन्हा ऐकली. मग जुन्या मुलाखती काढल्या. प्रत्येकीत तेच वाक्य होतं. तिनंच ते टाइप केलं होतं. शांतता गाळली की ते रुग्णालाच दिलेलं उत्तर वाटे. पण प्रत्येकाच्या आधी सात सेकंद होते. आणि मोठे डॉक्टर ते वाक्य साहेबापुढे मान खाली घालून बोलावं तसं बोलत होते.

या वेळी तिनं शांततेसकट सगळं टाइप केलं आणि कागद घेऊन तडक बैठकीत घुसली.

“बाई, शांतता गाळायची सांगितलंय ना?” मोठे डॉक्टर म्हणाले.

“आणि पोरीचं आयुष्य? तेही गाळू? तिला काही ऐकू येत नाहीये. तुम्हाला येतंय! कोण सांगतं तुम्हाला?”

बैठकीच्या अध्यक्षांनी कागद वाचला. त्यांच्या शेजारी बसलेल्या सदस्य बाईंनी वाचला. आता डॉक्टरांना जाब द्यावाच लागणार, असं तिला वाटलं.

कुणीच बोललं नाही.

तिघांच्या माना हळूच डावीकडे कलल्या. तिकडे नुसती भिंत होती.

ती मनात सेकंद मोजू लागली. सात.

मग अध्यक्षांनी बारकीच्या फाइलवर ‘मुक्काम वाढवावा’ लिहून ती मिटली. खणातून एक कोरी फाइल काढली. आवाजात राग नव्हता, उलट माया होती.

“बसा. ही शांतता तुम्हाला कधीपासून ऐकू येते?”

तिनं तोंड उघडायच्या आधीच तिघांची पेनं चालू लागली होती.